स्पायडर लिलीला नुसतीच पानं येतात? या चुका टाळा

स्पायडर लिलीचा कंद हातात आला की पहिल्यांदा कांदाच आठवतो. तीच गोल घडण, तेच तपकिरी पापुद्रे. मग आपण त्याला वागवतोही कांद्यासारखं: मुळं छाटायची, उन्हात वाळवायचा, महिनाभर टोपलीत टाकून ठेवायचा. बिघडायला सुरुवात होते ती इथेच. बागेत सर्रास दिसणारी ही लिली मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, दलदलीत नि ओल्या किनाऱ्यांवर वाढणारी. ती बारा महिने हिरवी असते आणि तिची जाड, पांढरी मुळं दर हंगामात मरत नाहीत. ती छाटली की झाडाची सगळी ताकद नवी मुळं धरण्यातच जाते, फूल मागे पडतं. म्हणून मुळं राखा, कंद लवकर लावा, आणि लावताना त्याची मान मातीच्या वर राहू द्या.

आता पाणी. सगळ्यात जास्त कंद इथे जातात. ‘दलदलीतलं झाड आहे ना’ म्हणत नव्या कंदाची कुंडी पहिल्याच दिवशी पाण्यात बसवली जाते. मुळं धरलेलं मोठं झाड तळ्याकाठी, उथळ पाण्यातही मजेत राहतं. बिनमुळांचा कंद मात्र त्याच पाण्यात कुजतो. नवी पानं जोमाने वर येईपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा, मग हळूहळू पाणी वाढवा. शंका आली तर कुंडीच्या तळाच्या भोकातून थोडी माती काढून हुंगा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मुळांना हवा मिळत नाही, असं समजा. कंद उपसून बुडाशी अंगठ्याने दाबून बघा. टणक लागला तर तो वाचेल. मऊ भाग स्वच्छ सुरीने पांढरा गर दिसेपर्यंत कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि नव्या मातीत लावा. ही एकच वेळ अशी, की त्याला सुकवणं योग्य.

पानं गर्द हिरवी, लांबलचक, पण फुलदांडा नाही? बहुतेकदा ऊन कमी पडलेलं असतं. पाच-सहा तास थेट ऊन हवंच. नत्राचं खत जास्त झालं तरी हेच होतं. पिल्लांनी, म्हणजे मूळ कंदाला फुटलेल्या छोट्या कंदांनी, कुंडी भरली म्हणून लगेच उपसू नका. थोडी दाटी तिला चालते, दरवर्षीची उचकटणी चालत नाही. हिरवी पानं कापून झाड ‘नीटनेटकं’ करणंही थांबवा. पुढचं फूल त्या पानांच्याच जिवावर येतं.

पानांवर पारदर्शक पट्टे दिसले तर त्याच संध्याकाळी टॉर्च घेऊन पानं उलटी करून बघा. काळ्या अंगावर फिकट ठिपके किंवा पट्टे असलेल्या अळ्या तिथे घोळक्याने सापडतात. आधी पानाच्या आत शिरतात, मग खात खात कंदापर्यंत उतरतात. लहान असतानाच वेचा. लालसर डाग पडले असतील तर ती बहुधा बुरशी असते. डागाळलेली पानं काढा आणि पाणी वरून न ओतता बुंध्याशी घाला.

काढलेले कंद स्वयंपाकघरात, कांद्यांच्या जवळपास तर कधीच ठेवू नका. त्यांत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, पोटात गेलं की उलट्या होतात. नाव लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा.