बाप्पासाठी आजारी पडू नका

न्यू जर्सीतल्या पहिल्या वर्षी गणेश चतुर्थीला मी पोट बिघडल्याचं कळवून घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी सवयीने ऑफिसात मोदकांचा डबा नेला. मॅनेजरने डब्याकडे पाहत विचारलं, "पोट बरं आहे ना आता?" तेव्हापासून खरं कारण लिहितो.

इथे अमेरिकेत खासगी कंपनीवर दिवाळीची सुट्टी देण्याची सक्ती नाही. नाताळचीसुद्धा बहुतेक ठिकाणी रीतच, कायदा नव्हे. मात्र 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या 'टायटल सेव्हन'प्रमाणे 15 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला धार्मिक आचरणासाठी वाजवी सोय करून द्यावी लागते. व्हिसावर असलात तरीही. सोय म्हणजे तुम्ही म्हणाल तीच, असं नाही. शिफ्ट बदलून मिळेल, तास नंतर भरून काढा म्हणतील, कधी बिनपगारी रजा देतील.

पूर्वी किरकोळ खर्चाचं कारणही नकाराला पुरायचं. 2023 मध्ये ग्रॉफ विरुद्ध डीजॉय खटल्यात ते बदललं. रविवारी ॲमेझॉनची पार्सलं वाटायला नकार देणाऱ्या ख्रिस्ती पोस्टमनचा हा खटला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की धंद्यावर भरीव बोजा पडतो हे मालकाने दाखवायला हवं. सहकाऱ्यांना तुमचा धर्म रुचत नाही, ही सबब चालत नाही. त्या पोस्टमनचे आपल्यावर उपकारच म्हणायचे.

आता अर्ज. 'कल्चरल फेस्टिव्हल' लिहू नका, आपण संकोचाने हमखास तेच लिहितो. संस्कृतीला हे संरक्षण नाही, धर्माला आहे. घरी प्राणप्रतिष्ठा आणि पूजा आहे, हे ईमेलमध्ये साध्या शब्दांत लिहा. तिथी दरवर्षी सरकते, तेव्हा पंचांग पाहून महिनाभर आधी कळवा. कन्सल्टन्सीतर्फे काम करत असाल, तर कन्सल्टन्सी आणि क्लायंट दोघांनाही. मंडळाचा शनिवारचा कार्यक्रम यात घुसडू नका. तिथल्या नाटकाच्या तालमीला पूजा म्हणता येत नाही.

सोय मागितली म्हणून अप्रेझलमध्ये डूख धरणंही बेकायदा आहे. तसं झालं तर ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, तक्रारीची मुदत 180 दिवस, न्यू जर्सीसारख्या राज्यांत 300. ईमेल जपून ठेवा.

माझ्यापुरतं म्हणाल तर नाताळच्या आठवड्यात ऑन-कॉल मी असतो, चतुर्थीला माझा आयरिश सहकारी. मोदकांचा डबा अजून जातो, त्यातले निम्मे त्याचे.