डेंग्यूच्या पेशंटचं डोकं आणि पाय घरी कसे तपासायचे

पोळा होऊन गेला की आपल्याकडे जळगाव काय, धुळं काय, नंदुरबार काय, घराघरात एकच प्रश्न, पेशी (रक्तातल्या प्लेटलेट) किती झाल्या? रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो, मामा काका आत्या सगळे आकडा विचारतात आणि तिकडे पेशंट खाटेवर पडून काहीतरी भलतंच बोलतोय याकडे कोणाचं लक्ष नसतं. पेशींचा आकडा बघाच, पण डेंग्यू मेंदू, मणका, नसा, स्नायू कुठेही त्रास देऊ शकतो. सगळ्यांना होत नाही, थोड्याच जणांना होतं, पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली गंभीर डेंग्यूची जी व्याख्या केली त्यात शुद्ध हरपत जाणं हे सरळ धरलंय, मग पेशी कितीही असोत. म्हणून घरात जो माणूस रात्री पेशंटजवळ जागणार आहे त्याने हे वाचून घ्या.

आधी वेळ समजून घ्या. ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो, आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात तो उतरला की घरचे म्हणतात चला सुटलो, पण खरे धोक्याचे २४ ते ४८ तास तिथूनच सुरू होतात कारण रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, बीपी पडतं, मेंदूला रक्त कमी पोचतं. म्हणजे ताप उतरला त्या रात्री झोपायचं नाही, उलट जास्त लक्ष द्यायचं.

तपासायचं कसं, तर दर तीन चार तासांनी उठवून बोलतं करा. नाव काय, आत्ता कुठे आहेस, आज वार कोणता, समोर कोण बसलंय. आणि हे घरच्या बोलीत विचारा बरं का, आजी आयुष्यभर अहिराणी बोलली आणि तुम्ही तिला पुस्तकी मराठीत विचारलं तर ती गोंधळेल आणि तुम्हाला वाटेल डोक्यावर परिणाम झाला. "तुनं नाव काय शे, आज कोनता वार शे" असं विचारा. उत्तर बरोबर पण थकलेल्या आवाजात आलं तर तो अशक्तपणा. उत्तरच चुकलं, जीभ जड झाली, उठवलं तरी परत झोपेत जातोय किंवा उगाच चिडतोय, कपडे ओढतोय, तर सकाळची वाट बघू नका. लहान मूल असेल तर एकसारखं किरकिरणं किंवा एकदम गप्प पडून राहणं दोन्ही सारखंच वाईट. मग दोन्ही हात समोर उचलून धरायला लावा, एक खाली येतोय का बघा, हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का बघा. हनुवटी छातीला टेकवताना मान आखडतेय का तेही बघा. डोकं तर डेंग्यूत पहिल्या दिवसापासूनच दुखतं, डोळ्यांच्या मागे ठणकतं, त्याने घाबरू नका, पण ताप गेल्यावर डोकं जास्त दुखायला लागलं आणि वर उलट्या सुरू झाल्या तर ते वेगळं, मेंदूत रक्तस्राव किंवा सूज असू शकते.

माणूस असा बरळतो त्याची कारणं बरीच आहेत. कधी व्हायरस खरंच मेंदूत शिरतो, पण बऱ्याचदा बीपी पडलेलं असतं, लिव्हर बिघडलेलं असतं किंवा रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. सोडियमचं आपल्या हातात थोडंफार आहे, लोक पेशंटला नुसतं साधं पाणी तांब्यावर तांबे पाजतात, त्यापेक्षा ओआरएस, मीठ घातलेली भाताची पेज, ताक द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरने सांगितलेल्या डोसात, दोन गोळ्यांत सहा तास सोडून, कारण जास्त झालं तर तेच लिव्हरला मारतं. मेडिकलवाल्याने अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन दिलं तर परत करा, रक्तस्राव वाढतो.

आणि एक स्पष्टच बोलतो, पेशंट बरळायला लागला की बाहेरचं झालं म्हणून उतारा टाकायचा, भगताकडे न्यायचं, हे अजून चालतं. श्रद्धा तुमची तुमच्याजवळ ठेवा, पण आधी दवाखाना. सातपुड्यातून, धडगावकडून नंदुरबारला यायचं म्हणजे घाट उतरायचा, त्यात आधीच दोन तास भगताकडे गेले तर काय उरतं.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान बाजूला करा, घड्याळात वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा चप्पल हुंगवायचं नाही, पूर्ण शुद्धीत येईपर्यंत पाणी पाजायचं नाही.

आता पाय. कधी असं होतं की पेशंट पूर्ण शुद्धीत आहे, बोलतोय, पण सकाळी उठायला गेला तर पायच उचलत नाहीत. डेंग्यूत रक्तातलं पोटॅशियम पडलं तर असं होतं (नॉर्मल साधारण ३.५ ते ५), आणि वेळेवर कळलं तर बहुतेक एक दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. आपण केळीवाले, पोटॅशियम म्हटलं की लगेच रावेर-यावलची केळी आठवते, पण पाय लुळे पडले तर केळीने भागत नाही, तिथे रक्ताची तपासणी आणि ईसीजी लागतो कारण हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. पोटऱ्या दाबल्या की खूप दुखतात आणि उकिडवं बसून उठता येत नाही, असं असेल तर स्नायूंना सूज असू शकते. तिसरं म्हणजे गुलियन बॅरे, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, ते बहुतेक ताप जाऊन आठवडा दोन आठवडे झाल्यावर येतं, तळपायाला मुंग्या, मग पाय जड, मग कमजोरी वर वर चढत हातापर्यंत येते. अशा माणसाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा, १५ च्या आधीच दम तुटला तर श्वासाचे स्नायू थकतायत, ज्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर आहे तिथेच न्या, निघायच्या आधी फोन करून विचारा.

डॉक्टरला काय सांगायचं ते कागदावर लिहून न्या. ताप कोणत्या तारखेला आला, कधी उतरला, विचित्र वागणं किती वाजता सुरू झालं, शेवटची लघवी कधी, कोणत्या गोळ्या, शुगर बीपी आहे का. डेंग्यूच्या रक्ततपासणीत एनएस१ (व्हायरसचाच अंश) पहिल्या पाच दिवसांत चांगला सापडतो, नंतर आयजीएम (शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं) तपासतात, त्यामुळे तारीख चुकली तर रिपोर्टचा अर्थही चुकतो. डॉक्टर मलेरिया, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप), जपानी मेंदूज्वर याही तपासण्या करतील, त्यात पैसे काढतात असं काही नाही, लक्षणं खरंच सारखी दिसतात. पेशी फार कमी असतील तर मेंदूची तपासणी करायला पाठीच्या मणक्यातलं पाणी लगेच काढत नाहीत, तिथे रक्तस्रावाची भीती असते, त्यावरून डॉक्टरशी भांडू नका.

घरी आल्यावर काही आठवडे थकवा, झोप न लागणं, मन उदास राहणं हे बऱ्याच जणांना होतं. पण वाचताना मधलीच अक्षरं पुसट दिसायला लागली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्या, आणि डिस्चार्जचा कागद फायलीत नीट ठेवा कारण पंधरा दिवसांनी पायाला मुंग्या आल्या तर नवीन डॉक्टर आधी तोच मागणार.