मेलबर्नच्या हास्यमहोत्सवाला गोव्याहून जाताना

मेलबर्नचा आंतरराष्ट्रीय हास्यमहोत्सव १९८७ साली सुरू झाला आणि तो दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये सुमारे साडेतीन आठवडे चालतो. गोव्याहून जाणाऱ्याने सर्वप्रथम पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्टधारकास उपवर्ग ६०० चा व्हिजिटर व्हिसा शुल्क भरून ऑनलाइन काढावा लागतो. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यास मात्र ई-व्हिजिटर हा निःशुल्क व्हिसा मिळू शकतो, त्यामुळे एकाच घरातील माणसांना दोन निरनिराळे अर्ज भरावे लागण्याचा प्रसंग आपल्याकडे सहज येतो. मोपा किंवा दाबोळीहून थेट विमान नाही. ईस्टरची सुट्टी बहुधा महोत्सवाच्या काळातच येते, तेव्हा राहण्याची सोय आधीच करून ठेवावी.

सवय मोडावी लागते ती वेळेची. जत्रेतले नाटक रात्री अकराला म्हणजे बारानंतर केव्हातरी सुरू होते आणि संपते तेव्हा उजाडायला आलेले असते. मेलबर्नचा प्रयोग जेमतेम तासाभराचा असतो आणि एकदा दार लागले की उशिरा आलेल्याला बहुधा आत घेत नाहीत. शिवाय एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तिथली घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि भारताशी असलेला साडेपाच तासांचा फरक साडेचारवर येतो. फोन ते आपोआप करतो, मनगटावरचे घड्याळ करत नाही.

महोत्सवाचे केंद्र म्हणजे स्वान्स्टन स्ट्रीटवरचा टाउन हॉल. त्याच्या मोठ्या सभागृहापासून लहानसहान खोल्यांपर्यंत सगळीकडे प्रयोग चालतात, अगदी नगरसेवकांच्या बैठकीच्या दालनातही (आपल्याकडे त्यासाठी वेगळा महोत्सव लागत नाही, असे कोणी म्हणेल). शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट असली, तरी एका संध्याकाळी दोनच प्रयोग ठरवावेत. पहिल्या खेपेस मी हावरटपणाने चार पाहिले आणि चौथ्यात नेमके काय झाले ते आज सांगता येत नाही.

निवड करताना दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध नावांच्या मागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची तिकिटे महाग असतात, आणि तिथले राजकारण, तिथला फुटबॉल किंवा उपनगरांची आपसांतली टिंगल यांवरचा विनोद इंग्रजी उत्तम येऊनही आपल्या डोक्यावरून जातो. त्याऐवजी पन्नास-साठ खुर्च्यांच्या खोलीत स्वतःच्या घरची, आईवडिलांची किंवा स्थलांतराची गोष्ट सांगणारा कलाकार निवडावा; ती कुठल्याही गावच्या माणसाला कळते. असे कलाकार संध्याकाळी टाउन हॉलसमोरच्या पदपथावर स्वतःच आपली पत्रके वाटत उभे असतात. त्यांना थांबवून 'तुमचा प्रयोग कशाबद्दल आहे?' एवढेच विचारावे. जो दोन वाक्यांत हसवतो, त्याचे तिकीट घ्यावे. सुरुवातीच्या दिवसांतले प्रयोग पुष्कळदा स्वस्तही असतात.

आता बसण्याविषयी. जत्रेत पुढच्या खुर्च्या देवस्थानच्या महाजनांसाठी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांसाठी, राखलेल्या असतात. मेलबर्नला पुढची रांग रिकामी दिसली, तर तिचे कारण मान नसून भीती आहे, हे ओळखावे, कारण कलाकार पहिल्यांदा तिथेच वळतो. तरीही बसलातच, तर नाव-गाव विचारल्यावर हाताची घडी घालून गप्प राहू नये. 'गोवा' म्हटले की समुद्रकिनारा आणि दारू यांवरचा तयार विनोद येतोच. 'डिचोली' असे सांगितल्यास कलाकारालाच क्षणभर थांबावे लागते.