नवं घर आखताना या चुका टाळा: आधी ऊन, मग खोल्या

हॉल किती बाय किती, इथूनच नकाशा सुरू झाला की घर कागदावर छान दिसतं आणि राहायला गेल्यावर दुपारी तापतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिली रेघ ओढण्याआधी रिकाम्या प्लॉटवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन उभे राहा. शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते, वारा कुठून लागतो, हे तिथेच कळतं. दिशा बघताना मोबाइल गाडीजवळ किंवा सळयांच्या ढिगाजवळ धरू नका, लोखंडाजवळ होकायंत्र चुकतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक पश्चिमेच्या भिंतीवर होते. तिथे मोठी खिडकी देतात आणि वर 2 फुटी छज्जा आहे म्हणून निश्चिंत राहतात. पण दुपारनंतर सूर्य उतरतो. तो क्षितिजापासून 30 अंशांवर समोर असेल, तर त्या छज्जाची सावली खिडकीवर जेमतेम 14 इंच उतरते. बाकीच्या काचेतून ऊन थेट आत! तोच सूर्य 70 अंशांवर असता तर सावली साडेपाच फूट खाली आली असती. म्हणूनच उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीला छज्जा उपयोगी पडतो: वर चढलेलं ऊन तो अडवतो, हिवाळ्यातलं तिरपं ऊन मात्र आत येऊ देतो. पश्चिमेला जिना, बाथरूम, कोठीची खोली ठेवा. खिडकी आधीच झाली असेल, तर आतल्या जाड पडद्यावर विसंबू नका. काचेतून आत आलेली उष्णता बरीचशी आतच राहते. आडोसा बाहेरून हवा: उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड.

वाऱ्याचंही तसंच. एकाच भिंतीत दोन खिडक्या दिल्या म्हणजे हवा खेळते असं नाही. तिला बाहेर पडायला दुसऱ्या भिंतीतून वाट लागते. बेडरूमचं दार रात्री बंद होतं आणि ती वाट तुटते. दाराच्या वर उघडता येणारी झडप ठेवा.

आता मापं. नकाशातली 10 बाय 12 ची खोली भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेली आहे का, हे आधी विचारा. तसं असेल आणि भिंती 9 इंची असतील, तर प्लास्टरआधी हाती उरतात 9 फूट 3 इंच बाय 11 फूट 3 इंच. आखूड बाजूला साडेसहा फुटी पलंग आणि समोर 2 फुटी कपाट ठेवलं की मध्ये 9 इंच राहतात. कपाटाचं दार उघडणार कसं?

जिना उरलेल्या जागेत कोंबू नका. 10 फूट चढायला पावणेसात इंचांच्या आतबाहेरचे 18 चढ लागतात. दोन भागांत वळणारा जिना धरला, पायरी 10 इंच रुंद आणि वळणावरचा मधला सपाट टप्पा 3 फूट घेतला, तरी लांबी पावणेदहा फुटांच्या घरात जाते, आणि जिन्यासमोर उभं राहायची जागा वेगळीच. वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवरच येऊ द्या, म्हणजे पाइप बेडरूमच्या छतातून फिरणार नाहीत.

नकाशा पक्का करण्याआधी तो प्लॉटवर फक्कीने खऱ्या मापात आखून घ्या. पलंगाएवढा चौकोन काढा, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते अर्धगोल काढा आणि घरातल्या वयस्कर माणसाला अंधारात बेडरूमपासून बाथरूमपर्यंत चालून बघायला सांगा. फक्की पुसायला वेळ लागत नाही.