सोलरवर ड्रोन उडवताय? मग निदान या चुका तरी टाळा

परवा परत एक फोन आला. "सर, सोलर लावलाय पण ड्रोनच्या बॅटऱ्या भरतच नाहीत, ड्रोनमध्ये फॉल्ट आहे काय?" ड्रोनमध्ये कधीच फॉल्ट नसतो हो, हिशोबात असतो. आणि दरवेळी त्याच त्याच चुका, म्हणून एकदा लिहूनच टाकतो म्हटलं.

पॅनलवर लिहिलेला वॅट खरा धरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कोल्हापूर जिल्ह्यात आजऱ्याकडं डोंगराकडेला एका बागायतदाराचा आडसाली ऊस होता, रात्री गवे घुसायचे, म्हणून गडी पहाटे ड्रोन फिरवून कुठं काय मोडलंय ते बघणार, दिवसातनं सहा फेऱ्या मारायच्या असा प्लॅन. शेडच्या पत्र्यावर शंभर वॅटची दोन पॅनल, खाली लेड ॲसिड बॅटरी, मग इन्व्हर्टर, मग ड्रोनचा चार्जर. त्याचा हिशोब असा की 200 वॅट, पाच तास ऊन, म्हणजे हजार वॅट-तास, झालं की काम!

आता खरा हिशोब बघा. पॅनल आणि बॅटरीच्या मधला जो चार्ज कंट्रोलर, त्याच्या डब्यावर एमपीपीटी (पॅनलची जवळजवळ सगळी ताकद बॅटरीत उतरवणारा प्रकार) छापलेलं, आत निघालं साधं, स्वस्तातलं पीडब्ल्यूएम. शंभर वॅटचं पॅनल 18 व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं, पण पीडब्ल्यूएम ते खेचून बॅटरीच्या साडेबारा व्होल्टवर आणतो, म्हणजे उरले 70 वॅट. दोन पॅनलचे 140, पाच तासांचे 700. लेड ॲसिडमध्ये भरून परत काढताना वीसेक टक्के गेले, इन्व्हर्टरनं पंधरा खाल्ले, चार्जरनं आणि थोडे, हातात आले जेमतेम 420. त्याच्या ड्रोनची बॅटरी सहा सेलची दहा हजार एमएएच, म्हणजे 222 वॅट-तास. दोनसुद्धा धड भरत नाहीत आणि हा सहा फेऱ्या मारणार!

पुढचं ऐका. पूर्ण भरली की 25.2 व्होल्ट दाखवायला पाहिजे ती बॅटरी, ह्यानं 22.8 वरच उचलली, का तर पाहुणे आलेले आणि त्यांना ड्रोन दाखवायचा होता. ड्रोन बसला उभ्या उसात. ऊस दहा-बारा फूट, आत शिरलं की पातीनं हात-तोंड कापतंय, सरीत पाणी सोडलेलं, आणि मोटर बंद म्हणजे आवाज पण नाही. अंधार पडेपर्यंत पाचजण शोधत होतो, शेवटी सकाळी सापडला, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) तुटून लोंबत होता. आणि मालक काय म्हणाला? "कंपनीच बोगस."

माझी सवय सांगतो. आधी रोजच्या फेऱ्यांचे वॅट-तास काढायचे आणि त्याच्या तिप्पट पॅनलनं दिले पाहिजेत असं धरायचं. कंट्रोलर एमपीपीटीच, तोही मीटर लावून तपासलेला. इन्व्हर्टर मी ठेवतच नाही, बॅटरीवरनं डायरेक्ट डीसी चार्जर चालवतो, उगाच डीसीचं एसी आणि परत डीसी करण्यात काय अर्थ हाय.

लायपो थेट सोलर कंट्रोलरला जोडणं

लायपो म्हणजे ड्रोनची लिथियम पॉलिमर बॅटरी. ती अशी जोडलेली बघितली की अंगावर काटा येतो. लेड ॲसिडसाठी सेट केलेला कंट्रोलर 14.4 व्होल्टपर्यंत ढकलतो आणि तीन सेलचं लायपो 12.6 लाच फुल्ल होतं. वर बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरणं, काहीच नाही. म्हणजे आग लावायची व्यवस्था आणि ती पण पाचटाच्या ढिगाशेजारी! "व्हिडिओत तर चालतंय" म्हणणाऱ्यांना माझ्याकडं उत्तर नाही. मध्ये बॅलन्स चार्जर पाहिजेच, आणि चार्ज करताना बॅटरी वाळूच्या बादलीजवळ, गवताजवळ नाही.

ड्रोनच्या पाठीवरच पॅनल चिकटवायचं

नवीन पोरांचा हा लाडका प्रश्न. दुपारच्या कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट पडतात, पॅनल त्यातले वीस टक्के देतं. तुमच्या ड्रोनच्या पाठीवर जागा किती, दोन तळहाताएवढी? मिळाले सहा वॅट, आणि नुसतं हवेत थांबायलाच दीडशे लागतात, वर पॅनलचं वजन वेगळंच. सिंगापूरच्या विद्यापीठातल्या टीमनं 2018 मध्ये नुसत्या उन्हावर क्वाडकॉप्टर उडवून दाखवला, पण त्याला 148 सोलर सेल लागले आणि पसारा चार चौरस मीटरचा. एअरबसचं झेफर नावाचं सोलर ड्रोन 2022 मध्ये 64 दिवस हवेत राहिलं हे खरं, पण त्याचे पंख 25 मीटर आणि ते विमानासारखं तरंगतं. आपला चार पंख्यांचा ड्रोन तरंगत नाही मर्दा, तो सतत स्वतःला उचलत असतो. पॅनल जमिनीवरच बरं.

बाकी चुका एकेका ओळीत, कारण यावर वाद घालायचा आता कंटाळा आलाय.

गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची राखाडी पॅनलवर बसते, पुसा, पण सकाळी, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर लगेच फडक्यानं कोरडं करा नाहीतर पांढरा थर धरतो.

नारळाच्या एका झावळीची सावली पडली तरी पॅनल अर्धं झोपतं. दक्षिणेकडं तोंड, सतरा अंशाच्या आसपास कल, आपल्याकडं एवढं पुरे.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलटं.

उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, च्या प्या तोवर. आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर फुल्ल करून ठेवू नका, सेलमागं 3.8 व्होल्टवर ठेवा. हे कुणीच करत नाही आणि मग फुगलेली बॅटरी घेऊन दुकानदाराशी भांडतात.

पावसाळ्याचं मात्र जरा नीट ऐका. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की सगळ्यांना नदीकाठ ड्रोननं बघायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच आठ-आठ दिवस ऊन नसतं. गगनबावड्याकडं तर विचारूच नका. सोलर तेव्हा शोभेचा. जून ते सप्टेंबर माझ्या बॅटऱ्या घरच्या लाईटवरच भरलेल्या असतात आणि पूरपट्ट्यात जाताना गाडीत छोटा जनरेटर असतो. यावर "मग सोलर कशाला घेतला" म्हणून हसणारे पण भेटतात, हसू देत. आणि साधा ड्रोन पावसात उडवायचाच नाही, उघडीप मिळाली तरच.

उजळाईवाडीच्या विमानतळाच्या आसपास असाल तर उडवायच्या आधी डिजिटल स्कायचा (ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा सरकारी) नकाशा उघडा, आणि दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढू नका, गवे बघायचे असले तरी.