व्याख्येआधी वाक्य हाती द्या: वाक्यरचना शिकवण्याची एक रीत

वाक्यरचनेचा पहिलाच तास ‘क्रिया करणारा तो कर्ता’ या व्याख्येने सुरू झाला, की मुले ती पाठ करतात आणि ‘मला भूक लागली’ या वाक्यापाशी अडतात. इथे क्रिया करतो कोण? म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की व्याख्या मागाहून द्यावी. आधी मुलांनी वाक्य हाताने हलवून पाहावे.

एक वाक्य घ्या: ‘माझ्या धाकट्या बहिणीने काल निळी वही फाडली.’ प्रत्येक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्यांच्या जागा बदलायला सांगा. ‘काल’ अगदी सुरुवातीला गेला तरी चालते. ‘निळी वही’ पुढे आणली तरी कानाला खटकत नाही. पण ‘माझ्या निळी धाकट्या काल बहिणीने’ असे वाचले की वर्ग हसतो. का हसलात, ते मुलांनाच विचारा. काही शब्द एकमेकांचा हात सोडत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग सांगा, की अशा गटाला पदबंध म्हणतात.

गट बरोबर ओळखला का, हे तपासायला त्याच्या जागी एकच शब्द ठेवावा: ‘तिने काल ती फाडली.’ ‘माझ्या धाकट्या तिने’ असे कोणी म्हणत नाही. ‘तिने’ येतो तो अख्ख्या गटाच्या जागी. वाक्य गटागटांनी बनते ही कल्पना पक्की होईपर्यंत पुढे जाऊ नये, दोन तास गेले तरी चालतील.

यानंतर क्रियापद. ‘झोपणे’ला एकच जण पुरतो. ‘फाडणे’ला फाडणारा हवा आणि फाटणारी वस्तूही. ‘देणे’ला तिघे लागतात. क्रियापद फळ्यावर लिहून ‘कोणी? काय? कोणाला?’ असे विचारत वाक्य उभे करून घ्या. नामाचे क्रियेशी असलेले हे नाते पाणिनीच्या व्याकरणात कारक म्हणून येते.

आता सगळ्यात रंजक भाग. ‘बहिणीने’च्या जागी ‘भावाने’ ठेवा. ‘फाडली’ तसेच राहते. ‘वही’च्या जागी ‘कागद’ ठेवा, की लगेच ‘फाडला’ होते. उलट ‘मुलगा वही फाडतो’मध्ये मुलाची मुलगी केली, की क्रियापद ‘फाडते’ होते, आणि वहीचा कागद केला तर काहीच बदलत नाही. ‘मुलीने कुत्र्याला बांधले’ इथे तर काहीही बदला, ‘बांधले’ हलत नाही. या तिन्ही वाक्यांचे तक्ते मुलांनी स्वतः भरले, की कर्मणी (क्रियापद कर्मामागे जाते), कर्तरी (कर्त्यामागे जाते) आणि भावे (कोणाच्याच मागे जात नाही) ही प्रयोगांची नावे ओझे वाटत नाहीत. ज्या नामाला ‘ने’ किंवा ‘ला’ लागला, त्याचे क्रियापद ऐकत नाही, हा नियम बहुतेक मुले आपणच शोधतात. मात्र सुरुवातीला ‘मी चिंच खाल्ली’सारखी वाक्ये टाळावीत. ‘मी’ला इथे ‘ने’ दिसत नाही, तरी क्रियापद चिंचेमागे जाते, आणि नुकता सापडलेला नियम डळमळतो. नियम रुजल्यावर ‘मी’ आणि ‘तू’ यांचे वेगळेपण दाखवावे. ‘मला भूक लागली’कडेही तेव्हाच परतावे: ‘लागली’ कोणाच्या मागे जाते, हे विचारले की उत्तर मिळते.

‘की’ने वाक्यात वाक्य बसवणे मुलांना सहज येते, त्यावर फार वेळ घालवू नये. तो वेळ अशा वाक्याला द्या: ‘धावणाऱ्या मुलाच्या बहिणीला हाक मार.’ धावतो आहे मुलगा की बहीण? शब्द तेच, क्रमही तोच. फरक आहे तो गट कुठे पाडला यात. दोन्ही अर्थांसाठी पेन्सिलने वेगवेगळे गट गोल करायला लावा. शेवटी प्रत्येकाने आपल्याच जुन्या निबंधातून असे दुहेरी अर्थाचे एक वाक्य शोधावे आणि ते एकाच अर्थाचे होईल असे पुन्हा लिहावे.