जहाज अडवण्याच्या अर्जाआधी: द्राक्ष निर्यातदाराची तयारी

पिंपळगावहून भरलेला रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर न्हावा शेवामार्गे रॉटरडॅमला पोहोचला आणि द्राक्षे सडलेली निघाली, तर बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची वाहतूकदाराची पावती), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि सर्व्हेअरचा (नुकसानीची पाहणी करणाऱ्याचा) अहवाल सगळेच जमवतात. कंटेनरच्या तापमानाची नोंद मात्र शिपिंग लाइनकडून (जहाज कंपनीकडून) लगेच लेखी मागावी.

भरपाईच्या दाव्यासाठी जहाज अडवून ठेवण्याचा अधिकार नाशिकच्या जिल्हा न्यायालयाला नाही. 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्याने, जो 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे, तो अधिकार मुंबईसह किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना दिला असून तो त्या त्या न्यायालयाच्या हद्दीतील प्रादेशिक समुद्रापर्यंत, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत चालतो. जहाज त्या हद्दीत असतानाच आदेश बजावला गेला पाहिजे, म्हणून ते केव्हा बंदरात येणार यावर रोज लक्ष ठेवावे. ‘जहाज’ या व्याख्येत बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) आणि बुडालेले जहाजही येते, पण अंतर्देशीय जहाजे या कायद्याबाहेर आहेत.

आता मालकाचा कागद, म्हणजे जहाज कोणाच्या मालकीचे आहे हे दाखवणारा नोंदणीचा उतारा. बिल ऑफ लेडिंगवर ज्या शिपिंग लाइनचे नाव ठळक छापलेले असते, ती जहाजाची मालक असेलच असे नाही. अनेकदा तिने ते केवळ ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेले असते. कायद्याच्या कलम 5 नुसार, मालकावरच्या देण्यासाठी जहाज अडवायचे असेल, तर दावा उद्भवला तेव्हा जो मालक होता तोच देणेदार असावा लागतो आणि जहाज अडवले जाते तेव्हाही तोच मालक असावा लागतो. म्हणजे मालक दोनदा तपासायचा: नुकसानीच्या तारखेचा आणि आजचा. आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) घेऊन नोंदणीचा उतारा काढा, आणि अर्ज दाखल करण्याच्या दिवशी पुन्हा काढा. मधल्या काळात जहाज खरोखर विकले गेले, तर वाहून नेलेल्या मालाच्या नुकसानीला सागरी धारणाधिकार (मालक बदलला तरी जहाजावर टिकणारा हक्क) नसल्यामुळे तुमचा हक्क नव्या मालकाच्या जहाजावर चालत नाही. खलाशांच्या पगाराला तो धारणाधिकार आहे, द्राक्षांना नाही. ट्रान्सशिपमेंट (वाटेत माल दुसऱ्या जहाजावर चढवणे) झाले असेल तर नुकसान कोणत्या जहाजावर झाले हे आधी ठरवा आणि त्याच जहाजाचा उतारा काढा. एजंटने तोंडी सांगितलेल्या नावावर अर्ज लिहू नका. उतारा हातात नसेल तर थांबा.

जहाज अडवणे चुकीचे ठरल्यास भरपाई देण्याचे बिनशर्त हमीपत्र न्यायालय मागू शकते, म्हणून त्याचा मसुदा आणि पैशांची सोय आधीच करावी.

दावा करण्याची मुदत साधारणतः माल मिळाल्यापासून 1 वर्ष. बिलाच्या मागच्या अटी वाचा. मालकाने तारण दिले की जहाज सुटते आणि दावा त्या तारणावर पुढे चालतो. जहाज विकण्याची वेळ आली, तर नोंदणीकृत गहाण तुमच्या दाव्याच्या आधी फेडले जाते. त्यासाठी त्याच उताऱ्यातील गहाणाची नोंदही पाहावी.